पोचलास की फोन कर

दुचाकी घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात सूचना कधी विकत घ्याव्या लागत नाहीत. गाडी स्टँडवरून काढेपर्यंत दारातून, खिडकीतून, वरच्या मजल्याच्या गॅलरीतून त्या येतच राहतात. आईचं ठरलेलं ‘सावकाश जा रे’. आजीचं ‘अंधार पडायच्या आत ये’. बायकोचं ‘अहो, पोचलात की फोन करा’. वडील बहुधा काही बोलत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी मुकाट्याने दोन्ही चाकांत हवा भरून आणलेली असते, चेनला ऑइल दिलेलं असतं, आणि सकाळी ते पेपरात डोकं घालून बसतात. गाडीचा आवाज कोपऱ्यावर वळून विरेपर्यंत पेपराचं पान मात्र उलटलं जात नाही.

या सगळ्याला गाडीवाल्याचं उत्तर एकच. ‘हो गं.’ फार झालं तर, ‘मी नीटच चालवतो.’

त्याचं ते म्हणणं खोटं नसतं, निदान त्याच्यापुरतं तरी. हँडल, ब्रेक, हॉर्न हे सगळं ज्याच्या हातात असतं त्याला गाडी आपल्या मुठीत आहे असंच वाटतं. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, इतरांच्या तुलनेत तुम्ही गाडी कशी चालवता? अमेरिकी गटातल्या ९३ टक्क्यांनी आणि स्वीडिश गटातल्या ६९ टक्क्यांनी स्वतःला चांगल्या निम्म्यात बसवलं. निम्म्या जागेत ९३ टक्के माणसं मावत नाहीत, हा हिशोब तिसरीतलं पोरही सांगेल. पण तो गाडीवर बसलेल्याला सुचत नाही, दारात उभ्या असलेल्या आईला सुचतो. तिच्या हातात ना हँडल असतं, ना ब्रेक. म्हणून तिला जे दिसतं ते सगळंच्या सगळं दिसतं : वळणावरची खडी, उलट्या दिशेने येणारी रिक्षा, मध्येच दार उघडणारी मोटार, पहिल्या पावसात रस्त्यावर तरंगून आलेलं ऑइल.

‘तू नीट चालवशील रे, पण लोक कशीही चालवतात,’ हे तिचं पुढचं वाक्य. घरात ते आयांच्या खात्यावर जमा होतं आणि विसरलं जातं. प्रत्यक्षात दुचाकीच्या अपघातांवरचा गाजलेला एक अभ्यास जवळजवळ याच निष्कर्षाला आला होता. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांच्या जागी जाऊन मोजमापं घेतली, माणसांशी बोलून घेतलं, आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोनतृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती. मोटारवाल्याने मोटारसायकलस्वाराचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि बहुतेकदा त्याचं कारण एकच निघालं : तो त्याला दिसलाच नव्हता, किंवा दिसेपर्यंत उशीर झाला होता.

त्याच अहवालातली दुसरी नोंद मात्र काळजी करणाऱ्यांनाही विचारात पाडेल अशी आहे. बहुतेक अपघात लांबच्या प्रवासात झाले नव्हते. काहीतरी आणायला, कुणाला भेटायला, जवळच कुठेतरी निघालेली माणसं घरापासून निघाल्यावर थोड्याच वेळात पडली होती.

आपल्याकडची काळजी नेमकी इथे चुकते. पोरगा मित्रांबरोबर बुलेट घेऊन लडाखला निघाला की घरात महिनाभर आधी वातावरण तापतं. नकाशे उलगडले जातात, खारदुंगला खिंडीची उंची गूगलवर पाहून कुणाचं तरी बीपी वाढतं, देवाला नवस बोलला जातो. पोरगाही गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, जाड जॅकेट, तोंड झाकणारं हेल्मेट अशा सरंजामात निघतो. परत येतो तोवर घरच्यांचा जीव टांगणीला. आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पोरगा चप्पल सरकवून, हाफ पँटवर, उघड्या डोक्याने दुधाच्या पिशव्या आणायला चौकात जातो. तेव्हा दारातून सूचना येते ती एवढीच : ‘कोथिंबीर पण आण.’

अंतर कमी म्हणजे धोका कमी, असा एक हिशोब घराघरांत पक्का बसला आहे. हेल्मेटसक्तीच्या वादातही तो सारखा ऐकू येतो. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी कारवाई कडक केली तेव्हा तिच्याविरोधात मोर्चे निघाले, घोषणा झाल्या. शहरात वेग असतोच कुठे, हेल्मेट हायवेवर ठीक आहे, मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात, ही सगळी कारणं पुणेकरांना तोंडपाठ आहेत. त्याच पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणारा तीव्र उतार शहराच्या हद्दीतच आहे. तिथे ट्रकचे ब्रेक लागेनासे झाल्याच्या बातम्या वाचून वडगाव-नऱ्ह्याकडच्या घरांत रोज संध्याकाळी कुणाची ना कुणाची वाट पाहिली जाते.

तालुक्याच्या गावी भीतीचं रूप वेगळं. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ऊस तोडणी सुरू झाली की संध्याकाळनंतर निघणाऱ्याला घरची माणसं एकच गोष्ट बजावतात : ‘ट्रॉल्या बघून.’ एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर आलेले उसाचे शेंडे, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. कधी टायर फुटल्यामुळे ट्रॉली तशीच रस्त्याच्या कडेला सोडून दिलेली. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर आला की पुढचे दोनचार सेकंद मोटारसायकलवाला आंधळाच असतो, आणि त्या दोनचार सेकंदांत समोर ट्रॉली आहे की नुसता काळोख हे त्याला कळत नाही. त्या भागातल्या बायकांना हे कुणी शिकवलेलं नाही. गावात घडलेलं असतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं.

आकडे मोठे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ४४.५ टक्के दुचाकीवर होते. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते. त्यांतले ३५,६९२ गाडी चालवणारे, तर १४,३३७ मागे बसलेले. हा शेवटचा आकडा बातम्यांत फारसा येत नाही.

हेल्मेटच्या इतिहासातला एक मोठा टप्पाही एका अशाच न टळलेल्या मरणापासून सुरू होतो. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला ठाऊक असलेला टी. ई. लॉरेन्स ब्रफ सुपीरिअर या त्या काळच्या अतिशय वेगवान मोटारसायकलचा वेडा होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, आपल्या राहत्या घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना तो फेकला गेला. डोकं उघडं होतं. त्याची आई तेव्हा चीनमध्ये होती. सहा दिवसांनी, १९ मेला, तो गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला, १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वार निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. सर्वसामान्य ब्रिटिश नागरिकांवर ती सक्ती यायला १९७३ उजाडावं लागलं. म्हणजे मान दुखते म्हणणारे काही फक्त आपल्याच पेठांत राहत नव्हते.

हेल्मेट करतं ते तसं साधंच काम. वरचं कडक कवच माराचा जोर पसरवून टाकतं. आतला थर्माकोलसारखा थर चेपतो, आणि डोकं एकदम थांबण्याऐवजी काही मिलिसेकंद उशिरा थांबतं. तेवढ्या मिलिसेकंदांवर मेंदूचं भवितव्य ठरतं. तो थर एकदा चेपला की पुन्हा फुगत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी निकामी झालेलं असतं. पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट डोकं आपटायच्या आधीच उडून जाऊ शकतं, मग आतला थर किती जाड होता याला काही अर्थ राहत नाही. वेगवेगळ्या देशांतले साठहून अधिक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ सालच्या एका आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो, असा निष्कर्ष निघाला होता. आपल्याकडे १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवता आणि विकता येत नाही. तरी पुलाखालच्या फुटपाथवर, दोरीला ओवलेली, कानापर्यंतही न पोचणारी टोपली अजून मिळते. ती डोक्यासाठी नसते, चौकातल्या हवालदारासाठी असते. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही ते माहीत असतं.

गंमत अशी की याच गाड्यांच्या मडगार्डवर ‘आईचा आशीर्वाद’ रंगवलेला असतो. नंबरप्लेटवर नियमाने जिथे आकडा ठळक हवा तिथे तो बारीक होतो आणि आई-बाबा ठळक होतात. हँडलला लिंबू-मिरची, टाकीवर खंडोबा किंवा स्वामी समर्थ. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळापाशी आजही कित्येक जण नाणं टाकून हात जोडतात. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर अशी त्याची कथा सांगितली जाते. घरच्यांनी गाडीवर एवढी राखण बसवलेली असते, आणि डोक्यावर फक्त वारा.

मोबाइल आला तेव्हा वाटलं होतं की आता ही वाट पाहणं संपेल. पूर्वी मुलगा कोकणात गेला की चार दिवस काही कळायचं नाही. एसटीने येणाऱ्या कुणाच्या तरी हाती निरोप यायचा, नाहीतर पोस्टमास्तरांच्या फोनवर. तेव्हा लोक वाट पाहायला सरावलेले होते. आता घाटात रेंज गेली की दहाव्या मिनिटाला काळजाचा ठोका चुकतो. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकून पोरगा निघतो आणि घरची मंडळी नकाशावरच्या त्या ठिपक्याला डोळे लावून बसतात. ठिपका ताम्हिणीत थांबला. चहा घेतोय की काय झालं? फोन लावावा, तर तो गाडी चालवता चालवता उचलेल. न लावावा, तर चैन पडत नाही. शेवटी फोन जातोच, आणि पलीकडे हेल्मेट आणि कान यांच्या मध्ये मोबाइल खुपसून तो ओरडतो, ‘अगं चालवतोय!’ काळजीपोटी केलेला फोन हाच त्या दिवसातला सगळ्यात मोठा धोका ठरू शकतो, हे दोन्ही टोकांना समजतं. तरी उद्या पुन्हा तेच होतं.

ठिपक्यापेक्षा कान जुना आणि भरवशाचा. गल्लीत राहणाऱ्यांना समोरच्यांची ॲक्टिव्हा, वरच्यांची पल्सर आणि आपली स्प्लेंडर यांतला फरक झोपेतही कळतो. रात्री साडेनऊला कणीक मळून झाकून ठेवलेली असते. कोपऱ्यावर गिअर उतरल्याचा आवाज येतो, फाटकाची कडी वाजते, साइड स्टँड फरशीवर खट्ट करतो. मगच आत तवा चढतो. कुणी कुणाला ‘आलास का’ विचारत नाही. पोळी गरम मिळते, एवढंच.

ज्यांना ‘सावकाश जा’ म्हणायचीही सोय नाही, त्यांचं काय? पहाटे साडेतीनला दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकवून निघणारा गवळी सावकाश गेला तर दूध संकलनाची गाडी निघून जाते. खांद्यावर चौकोनी पिशवी घेऊन भर पावसात पत्ता शोधणाऱ्या डिलिव्हरी बॉयला थांबायला वेळच नसतो. त्याच्या फेऱ्यांवर त्याची कमाई ठरते. त्याची बायको त्याला काय सांगणार? हप्ता गाडीचाच आहे. तीच गाडी नसली तर घरात काही येणार नाही, आणि तीच गाडी घेऊन तो रात्री बाराला कुठल्या पुलाखालून येतोय हे तिला ठाऊक नाही. आपण मात्र त्याच वेळी, आपला मुलगा घरी पोचला म्हणून जीव भांड्यात पडल्यावर, फोनवर बोट टेकवून बघत असतो की बिर्याणी अजून का आली नाही.

बायका स्वतः गाडीवर निघाल्या की या काळजीचा रंग पुन्हा बदलतो. पुण्याच्या उर्वशी पाटोळे यांनी २०११ मध्ये ‘द बाइकर्नी’ हा मोटारसायकल चालवणाऱ्या स्त्रियांचा गट सुरू केला, आणि आज अशा कितीतरी जणी सह्याद्रीच्या घाटांतून एकट्यादुकट्या फिरतात. त्यांना दारातून येणारं ‘सावकाश जा’ दोन अर्थांनी येतं. मुलाला जी सूचना असते ती मुलीला पुष्कळदा मनाई असते. ‘रस्ता वाईट आहे’ याच्यामागे ‘लोक काय म्हणतील’ गुपचूप बसलेलं असतं, आणि ते वेगळं काढणं अवघड. मुली मग युक्ती करतात. हेल्मेट, जॅकेट, बूट सगळं चढवून दारात उभ्या राहतात, टायर दाखवतात, रस्ता दाखवतात. रस्त्याबद्दलच्या सगळ्या शंका फिटल्या की उरतं ते काय होतं, हे सगळ्यांनाच कळतं.

आणि ज्यांची वाट पाहणं कायमचं संपलं, त्यांच्यातली काही माणसं स्वस्थ बसत नाहीत. मुंबईत मरोळला भाजी विकणाऱ्या दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश २८ जुलै २०१५ रोजी नात्यातल्या भावाच्या मोटारसायकलवर मागे बसला होता. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पावसाच्या पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. प्रकाश गेला. त्यानंतर बिल्होरे जिथे जमेल तिथे रेती, खडी, पेव्हर ब्लॉकचे तुकडे घेऊन स्वतःच्या हाताने शहरातले खड्डे बुजवत आले. आपल्या मुलाची काळजी करायची वेळ निघून गेली, तेव्हा त्यांनी त्या रस्त्याने जाणाऱ्या सगळ्यांची सुरू केली. बिहारच्या राघवेंद्र कुमार यांनी २०१४ मध्ये नोएडा एक्सप्रेसवेवर जिवलग मित्र गमावला; त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. राघवेंद्र यांनी नोकरी सोडली, घर विकलं आणि देशभर हेल्मेट वाटत सुटले.

घरच्यांची सगळ्यात खोल भीती पडण्याची नसतेच. पडल्यावर कुणी उचललं का, ही असते. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून बघे नुसते बघत राहायचे, तो काळ फार जुना नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती मोटार वाहन कायद्यात आली. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याने नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती नाही. हे जितक्या लोकांना माहीत असायला हवं तितक्यांना अजून माहीत नाही.

मागे बसणाऱ्या माणसाचा विचार कायद्याने तसा बारकाईने केला आहे. मोटारसायकलला पकडायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकला जाईल असं आवरण हवं, म्हणजे साडीचा पदर किंवा ओढणी आरीत अडकणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम हेच सांगतो. चार वर्षांवरच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, आणि लहानग्यांसाठी सुरक्षापट्टा, त्यांच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. घरात मात्र मागे बसणारा हिशोबात नसतो. नवऱ्याला ‘अहो, हेल्मेट घ्या’ म्हणून आठवण करणारी बाई स्वतः एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर आणि हातात भाजीची पिशवी धरून, उघड्या डोक्याने बसते. त्या १४,३३७ जणांत तिच्यासारख्या किती असतील?

दसऱ्याच्या सकाळी तालुक्याच्या कुठल्याही शोरूमबाहेर पाहावं. झेंडूचे हार घातलेल्या नव्या गाड्यांची रांग. हेडलाइटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढच्या चाकाखाली लिंबू, नारळ फोडायला दगड तयार. वडील बिलाच्या कागदावर बोट ठेवून घासाघीस करताहेत : विमा कमी होत नाही, पण सीट कव्हर फुकट द्या. पोराला सायलेन्सर बदलून हवाय. विकणारा पोरगा हसून सांगतो, ‘काकू, गाडीबरोबर हेल्मेट आहे हां एक.’

‘एकच?’ आई विचारते. ‘आणि मी?’

‘तुम्ही काय रोज बसणार का?’

‘बुधवारी बाजाराला कोण जातं मग?’

काउंटरवरून एक हेल्मेट येतं. ते अंबाड्यावर अडकून बसतं, खाली उतरत नाही. आई आकडे काढून तोंडात धरते, अंबाडा सोडते, वेणी घालते, पुन्हा घालून बघते. ‘घट्ट होतंय. दुसरं दाखव.’ पोरगा कुरकुरतो, ‘आई, मुहूर्त जाईल.’ ती आतून, काचेआडून, घुमलेल्या आवाजात म्हणते, ‘दसऱ्याला कसला रे मुहूर्त बघतोस, अख्खा दिवस मुहूर्तच आहे.’ आणि वडील बिलाचा कागद पुन्हा उलगडतात : ‘दोन घेतली तर किती कमी करणार?’